बेंड पाइपचा सांधा (जुन्या मोटारसायकली)

इंजिनातून जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळीला गॅरेजात बेंड पाइप म्हणतात. ही नळी एका टोकाला सिलिंडरला किंवा हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) आणि दुसऱ्या टोकाला सायलेन्सरला जोडलेली असते. या दोन्ही जागा वायू निसटणार नाही अशा बंद करणे म्हणजे सांधा बसवणे. जुन्या गाड्यांत तो आट्यांवर, पट्टीवर किंवा नळी नळीत घट्ट बसण्यावरच टिकतो.

आपल्याकडे याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण म्हणजे जावा आणि येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून १९९६ पर्यंत या गाड्या तयार झाल्या. त्यांच्या २५० सीसी टू-स्ट्रोक इंजिनाचा सिलिंडर एकच, पण निकासाची तोंडे दोन, म्हणून बेंड पाइपही दोन. खाचा असलेला गोल नट फिरवला की पाइपाची कड पॅकिंगवर दाबली जाते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेले असल्याने सांधा सैल झाला की तिथून काळा चिकट ओघळ उतरू लागतो. टू-स्ट्रोकमध्ये नळीतून परतणाऱ्या दाबलहरीवर सिलिंडर भरणे अवलंबून असते, त्यामुळे गळतीने इंजिनाची ओढही बिघडते. फोर-स्ट्रोकमध्ये लक्षण वेगळे: थ्रॉटल सोडताच फटीतून हवा आत ओढली जाते, न जळलेले पेट्रोल नळीत पेटते आणि फटाके वाजतात.

हा नट हुक पान्यानेच (ज्याचा आकडा नटाच्या खाचेत अडकतो) फिरवावा. छिन्नी आणि हातोडीने ठोकून फिरवलेल्या नटाच्या खाचा फाटतात. मग तो पुरेसा आवळता येत नाही, सैल नट कंप पावत राहतो आणि सिलिंडरचे आटे झिजवतो. नट स्वस्तात मिळेल, सिलिंडर मिळणार नाही. नॉर्टन कमांडो या ब्रिटिश मोटारसायकलीत हे आटे ॲल्युमिनियमच्या हेडमध्येच कापलेले असतात. तिथे नट सैल ठेवून गाडी चालवली तर आटे खाल्ले जातात आणि भोकात ब्राँझची बाही (स्लीव्ह) बसवावी लागते. बीएमडब्ल्यूच्या जुन्या एअर-कूल्ड बॉक्सर (समोरासमोर आडवे सिलिंडर असलेल्या) इंजिनांवर नट अडकून बसला, तर जोर लावण्यापेक्षा करवतीने नट कापून हेड वाचवणे शहाणपणाचे.

पॅकिंग म्हणून तांब्याची रिंग उत्तम. वापरलेली रिंग दबून कडक होते. ती ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवली की पुन्हा मऊ होते. तांबे पाण्यात बुडवले तरी मऊच राहते, पोलादासारखे कडक होत नाही. पाण्यातून काढलेली रिंग बोटांनी सहज वाकली, तर ती तयार झाली. जुन्या रिंगा आणि सांध्यावर गुंडाळलेला दोरा यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ते कोरडे खरवडू नयेत. ओले करून, तोंड झाकून काढावेत. तो धूळकण फुप्फुसात कायमचा राहतो.

लाल सिलिकोन (ट्यूबमधून मिळणारी सांधे भरायची पेस्ट) इंजिनाच्या तोंडाशी लावणे चूक आहे. ते साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते आणि निकासाच्या तोंडाशी वायू याहून कितीतरी तापलेला असतो. सायलेन्सरकडच्या सांध्यावर मात्र ते चालते. सोडियम सिलिकेटची पुट्टी उष्णता सोसते, पण वाळल्यावर ठिसूळ होते आणि कंपनाने तडकते.

बहुतेक गळती पॅकिंगमुळे नसून ओढाताणीमुळे असते. सायलेन्सरचे बोल्ट आधी आवळून मग बेंड पाइप बळजबरीने तोंडाशी आणला, तर कोणतेही पॅकिंग टिकत नाही. सगळे आधी हलकेच अडकवावे, मग तोंडाकडचा नट आवळावा, शेवटी मागचे ब्रॅकेट. आट्यांवर तांब्याचे ग्रीस लावावे. गाडी तापवून थंड होऊ द्यावी आणि नट पुन्हा आवळावा, कारण पहिल्या तापण्यात रिंग आणखी दबते. नंतर इंजिन चालू ठेवून सायलेन्सरचे तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबावे. सांधा कच्चा असेल तर तिथून 'फस्स' आवाज येतो आणि जवळ नेलेल्या कागदावर काजळीचा ठिपका उमटतो.