व्हेनिस मेस्त्रे आणि व्हेनिस सांता लुचिया: नाव एक, मुक्काम दोन

हॉटेलच्या पत्त्यात 'व्हेनेझिया' असतं, रेल्वेच्या तिकिटावर 'व्हेनेझिया' असतं, आणि दोन्ही खरं असतं. तरीही पहिल्या संध्याकाळी कुणाच्या खिडकीखाली कालवा असतो, तर कुणाच्या खिडकीखाली बसथांबा. व्हेनिस ही महापालिका एक असली तरी तिच्या पोटात दोन गावं आहेत. एक लगूनमधलं, म्हणजे भरती-ओहोटीच्या उथळ खाजणातलं जुनं बेटांचं शहर. दुसरं पुलाच्या अलीकडे, पक्क्या जमिनीवरचं मेस्त्रे. मेस्त्रे पूर्वी स्वतंत्र होतं. १९२६ साली ते व्हेनिसला जोडलं गेलं. आज जुन्या शहरात ५० हजारांहूनही कमी माणसं राहतात आणि बहुसंख्य व्हेनिसकर जमिनीवरच आहेत. त्यामुळे मेस्त्रेतल्या हॉटेलवाल्याने 'व्हेनिस' लिहिलं तर ती फसवणूक नव्हे. ते वाचून आपण काय समजायचं, हे मात्र आपल्याला ठाऊक हवं.

दोन-तीन दिवसांच्या सहलीत हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. आठवडाभर राहणाऱ्याला रोजचा एक तास गेलेला कळत नाही. दोन रात्रींसाठी आलेल्याला कळतो.

पत्ता कसा वाचायचा

हॉटेलचे फोटो पाहू नका, पिनकोड पाहा. मेस्त्रेचे पिनकोड ३०१७० ते ३०१७४ या पट्ट्यात येतात, आणि रुळांच्या पलीकडच्या मार्गेराचा ३०१७५. जुन्या शहराचे सहा विभाग आहेत. त्यांचे पिनकोड असे: कान्नारेजो ३०१२१, कास्तेल्लो ३०१२२, दोर्सोदुरो ३०१२३, सान मार्को ३०१२४, सान पोलो ३०१२५ आणि सांता क्रोचे ३०१३५. यांपैकी एक दिसला की हॉटेल खरोखर कालव्यांच्या शहरात आहे. ३०१२६ म्हणजे लिदो. तेही बेटच, पण तिथे मोटारी चालतात, समुद्रकिनारा आहे आणि जुन्या शहरात यायला प्रत्येक वेळी बोट लागते. ३०१३३ म्हणजे ज्युदेक्का: शांत, देखणं, पण पुलाने जोडलेलं नाही.

जुन्या शहराच्या पत्त्यात आणखी एक गंमत आहे. घरांचे क्रमांक रस्त्यानुसार नसून अख्ख्या विभागानुसार असतात, म्हणून 'कान्नारेजो ३०२१' एवढ्यावर घर सापडत नाही. हॉटेलकडून गल्लीचं नाव आणि जवळचा बोटथांबा दोन्ही लिहून घ्या. तिथे गल्लीला 'काल्ले' म्हणतात, चौकाला 'काम्पो', पाण्याकाठच्या वाटेला 'फोंदामेंता' आणि छोट्या कालव्याला 'रिओ'. 'पियाझ्झा' ही पदवी मात्र एकट्या सान मार्कोच्या चौकाला.

गाडीतून कुठे उतरायचं

रोम किंवा मिलानहून येणारी गाडी आधी मेस्त्रेला थांबते. फलाटावर मोठ्या अक्षरांत 'व्हेनेझिया मेस्त्रे' दिसतं आणि डब्यातले नवखे लोक बॅगा काढायला उठतात. हॉटेल जुन्या शहरात असेल तर बसून राहा. गाडी लगूनवरच्या पुलावर चढते, दोन्ही बाजूंना पाणी येतं आणि दहा-बारा मिनिटांत सांता लुचियाला रूळच संपतात. हा रेल्वेपूल १८४६ साली ऑस्ट्रियाच्या राजवटीत झाला. शेजारचा मोटारींचा पूल १९३३ चा. स्टेशनाला संत लुचियाचं नाव मिळालं ते तिथल्या चर्चवरून. ते चर्च रेल्वेसाठी १८६१ साली पाडलं आणि संताचे अवशेष जवळच्या सान जेरेमिया चर्चमध्ये हलवले.

उलटी चूकही होते. काही गाड्या, विशेषतः त्रिएस्तेकडे पुढे जाणाऱ्या, सांता लुचियाला जातच नाहीत. त्या मेस्त्रेवरूनच निघून जातात. तिकीट काढताना 'व्हेनेझिया, सर्व स्टेशनं' असा पर्याय निवडला तर अशी गाडी अलगद पदरात पडते. म्हणून तिकिटावर नेमकं स्टेशन पाहा. तिकीट मेस्त्रेपर्यंतचं असताना 'एकच तर स्टेशन' म्हणून पुढे बसून राहिलात, तर तो विनातिकीट प्रवास धरला जातो.

मेस्त्रे ते सांता लुचिया हे प्रादेशिक गाडीचं तिकीट साधारण दीड युरोचं. दिवसभर गाड्या भरपूर असतात. कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट जवळ असूनही दंड होतो, आणि अनेक परदेशी प्रवाशांचे पैसे इथे जातात. मोबाइलवर काढलेल्या तिकिटालाही प्रवासाआधी चेक-इन करावं लागतं.

वेळेचा खरा हिशेब

'मेस्त्रेहून व्हेनिस फक्त दहा मिनिटं' हे हॉटेलांच्या जाहिरातीतलं वाक्य रेल्वेच्या वेळापत्रकापुरतं खरं आहे. हॉटेल ते स्टेशन चालत दहा मिनिटं, तिकीट आणि वाट पाहणं दहा मिनिटं, गाडी दहा-बारा मिनिटं. एवढं करून तुम्ही सांता लुचियाच्या पायऱ्यांवर असता, सान मार्कोच्या चौकात नव्हे. तिथून चालत ३०-४० मिनिटं. वाट चुकणार हे धरूनच चाला. १ नंबरच्या बोटीने गेलात तर ती ग्रँड कॅनॉलवरचे बहुतेक सगळे थांबे घेत पाऊण तासाच्या आसपास लावते. म्हणजे खोलीचं दार ते सान मार्को सव्वा तास, आणि रात्री थकलेल्या पायांनी तेवढाच परत.

पैशांत पाहिलं तर हे येणं-जाणं अगदी स्वस्त आहे: दोघांचे दोन दिवसांचे जेमतेम १२ युरो. मेस्त्रे निवडणाऱ्याला महाग पडतं ते दुपारी. जुन्या शहरात राहणारा दुपारी खोलीवर येऊन तासभर पाठ टेकतो आणि पाच वाजता ताजा होऊन बाहेर पडतो. मेस्त्रेत राहणारा तेवढ्यासाठी परत जात नाही. तो सकाळी नऊ ते रात्री नऊ दगडी फरशीवर चालत राहतो आणि संध्याकाळी सहालाच थकून त्याचा उत्साह संपतो. व्हेनिसचे चांगले तास तर सकाळी आठच्या आधीचे आणि दिवसभराची गर्दी ओसरल्यानंतरचे. दोनच रात्री असतील आणि खिसा परवानगी देत असेल, तर निदान एक रात्र बेटावर काढावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रात्री मेस्त्रेला परतायचं असेल तर शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच पाहून ठेवा. गाडी चुकली तर पियाझ्झाले रोमाहून बस मिळते. हा मोटारींचा शेवटचा थांबा सांता लुचियापासून कॉन्स्टिट्यूशन पुलाने पाच-सात मिनिटांवर आहे. तिथून मेस्त्रे स्टेशनला २ नंबरची बस जाते. बसचं तिकीट बोटीवर चालत नाही. यात पुष्कळ जण फसतात.

बोटीचं तिकीट: पास घ्यावा का

सार्वजनिक बोट म्हणजे वापोरेत्तो. २०२५ च्या दरांनुसार ७५ मिनिटांचं एक तिकीट ९.५० युरो, २४ तासांचा पास २५, ४८ तासांचा ३५ आणि ७२ तासांचा ४५ युरो. तास पहिल्यांदा यंत्राला टेकवल्यापासून मोजतात, तारखेप्रमाणे नाही; म्हणून दुपारी दोनला सुरू केलेला २४ तासांचा पास दुसऱ्या दिवशी दोनपर्यंत चालतो. प्रत्येक वेळी चढण्याआधी तो टेकवायचा. ६ ते २९ वयाच्या प्रवाशाने ६ युरोचं रोलिंग व्हेनिस कार्ड घेतलं तर ७२ तासांचा पास २७ युरोत मिळतो. कॉलेजातली मुलं बरोबर असतील तर हे विसरू नका.

इथे दोन्ही मुक्कामांचा हिशेब वेगळा होतो. हे पास मेस्त्रेतल्या शहरी बसलाही चालतात, त्यामुळे मेस्त्रेवाल्याला पास असला की येण्या-जाण्याची बस त्यातच येते. रेल्वे मात्र त्यात नाही, आणि विमानतळाची बसही नाही. कान्नारेजो किंवा सांता क्रोचेत राहणाऱ्याने मुरानो-बुरानो या बेटांना जाण्याच्या दिवसापुरताच २४ तासांचा पास घेतला तरी पुरतं, कारण जुनं शहर पायी फिरण्याजोगं आहे. नुसता ग्रँड कॅनॉल ओलांडायचा असेल तर 'त्रागेत्तो' आहे: खाडी ओलांडायला असते तशी पलीकडे सोडणारी नाव. दोन नावाडी, दोन युरो, दोन-तीन मिनिटं. तिला गोंडोला समजून टाळू नका. गोंडोलाचा ठरलेला दर दिवसा ३० मिनिटांना ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११० युरो. तो अख्ख्या नावेचा असतो, माणशी नाही.

बॅगा

मेस्त्रेची बाजू इथे भक्कम आहे. स्टेशनावरून चाकांची बॅग ओढत थेट लिफ्टपर्यंत. जुन्या शहरात चारशेहून जास्त पूल आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला पायऱ्या. २३ किलोची बॅग चार पुलांवरून न्यायची म्हणजे ती चारदा उचलायची, चारदा उतरवायची. हॉटेलला एकच प्रश्न विचारा: 'जवळच्या बोटथांब्यापासून तुमच्या दारापर्यंत किती पूल?' उत्तर शून्य किंवा एक असेल तर घ्या. तीन असेल तर मोठ्या बॅगा स्टेशनाच्या सामानघरात ठेवून दोन दिवसांचे कपडे पाठीवर घ्या. वापोरेत्तोवर लांबी, रुंदी, उंची मिळून १५० सेंमीपर्यंतचा एक नग तिकिटातच जातो.

आजी-आजोबा बरोबर असतील, गुडघे दुखत असतील, तर सांता लुचियाच्या बाजूलाच, पूल न ओलांडता पोचता येईल असं कान्नारेजोतलं हॉटेल हा मधला मार्ग.

प्रवेशशुल्क आणि मुक्काम कर

हे दोन वेगळे आहेत आणि सरसकट एकच समजले जातात. मुक्काम कर हॉटेल माणशी, दर रात्री घेतं. तो खोलीच्या भाड्यात बहुधा धरलेला नसतो आणि निघताना वेगळा द्यावा लागतो. प्रवेशशुल्क हे फक्त दिवसापुरतं येऊन जाणाऱ्यांसाठी. ते २५ एप्रिल २०२४ ला सुरू झालं, त्या वर्षी २९ दिवस आणि २०२५ मध्ये ५४ दिवस लागू होतं. वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी चार. २०२५ मध्ये आगाऊ भरलं तर ५ युरो, अगदी शेवटच्या तीन दिवसांत भरलं तर १०. १४ वर्षांखालच्यांना माफ.

मेस्त्रेचं नाव 'व्हेनेझिया' असण्याचा फायदा इथे होतो. मेस्त्रेत राहणारा व्हेनिस महापालिकेच्या हद्दीत मुक्कामाला आहे, म्हणून त्याला प्रवेशशुल्क नाही. पण आपोआप नाही: लागू असलेल्या दिवसांसाठी संकेतस्थळावर नोंद करून सूट मिळाल्याचा क्यूआर कोड घ्यावा लागतो. पादुआ किंवा त्रेव्हिझोत राहून आलात तर मात्र शुल्क भरावंच लागतं, हॉटेल कितीही जवळ असलं तरी.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या ग्रुप टूरच्या कार्यक्रमात 'व्हेनिस येथे मुक्काम' लिहिलेलं असतं तेव्हा तो बहुतेकदा मेस्त्रेत, कधी पादुआजवळही असतो. बुकिंग करताना हॉटेलचा पिनकोड मागा. व्हिसाच्या कागदांत तो द्यावा लागतोच, म्हणजे टूरवाल्याकडे असतोच. २०२४ पासून जुन्या शहरात गाइडबरोबरच्या गटाला २५ जणांची मर्यादा आहे आणि लाउडस्पीकरला बंदी.

मेस्त्रे कुणासाठी चांगलं

मोटार घेऊन आलेल्यांसाठी, कारण जुन्या शहरात ती चालवता येत नाही आणि पुलापलीकडचं पार्किंग महाग. पहाटेची गाडी धरायची असेल त्यांच्यासाठी. व्हेरोना, पादुआ पाहत चार-पाच दिवस राहणाऱ्यांसाठी. आणि शाकाहारी मंडळींसाठी थोडंसं: मेस्त्रे स्टेशनाच्या आसपास बांगलादेशी वस्ती मोठी आहे, त्यामुळे डाळ, तांदूळ, मसाले मिळतात. जुन्या शहरात 'बिगोली इन साल्सा' हा पास्ता दिसायला निव्वळ कांद्याचा, पण त्यात अँचोव्ही मासा विरघळलेला असतो. विचारल्याशिवाय मागवू नका.

ऑक्टोबर ते मार्चमध्ये भरतीचं पाणी चढतं. ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या भरतीचा (आता साधारण ११० सेंमी पाण्याचा) अंदाज असला की मोसे नावाचे दरवाजे उचलून लगूनची तोंडं बंद करतात. पण सान मार्कोचा चौक शहरात सर्वांत सखल, त्यामुळे दरवाजे न उचलताही तिथे घोटाभर पाणी येऊ शकतं. तळमजल्यावरची खोली या महिन्यांत घेऊ नये. मेस्त्रेला हा प्रश्न नाही.

परतीच्या दिवशी विमानतळाचंही नाव नीट वाचा. मार्को पोलो हा शहराजवळचा. तिथे मेस्त्रे स्टेशनाहून आणि पियाझ्झाले रोमाहून थेट बस आहेत, आणि बेटावरून अलिलागुना कंपनीची बोट. सान मार्कोहून ती तासाहून जास्त घेते. स्वस्त विमानं ज्याला 'व्हेनिस त्रेव्हिझो' म्हणतात तो विमानतळ त्रेव्हिझो शहराजवळ आहे. तिथली बस पियाझ्झाले रोमाहून मेस्त्रेमार्गे जाते, आणि बेटावरून निघणाऱ्याने विमानाच्या वेळेआधी निदान साडेतीन तास खोली सोडावी.