किडनीच्या प्रतीक्षा यादीत नाव कसं लावायचं? आणि ‘मशीनवरची किडनी’ म्हणजे काय?

विदर्भातली मेंदूमृत दात्यांच्या अवयवांची यादी नागपूरचं झेडटीसीसी (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र) सांभाळतं, पण तिथे जाऊन अर्ज देता येत नाही. नाव लावतं ते प्रत्यारोपणाची परवानगी असलेलं रुग्णालय. त्यामुळे यवतमाळ-गडचिरोलीहून निघण्याआधी किडनीच्या डॉक्टरांची चिठ्ठी घ्या आणि रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकाची वेळ ठरवा. नाहीतर एसटीचं भाडं वाया.

किडनी कायमची निकामी झालेली आणि साधारण तीन महिन्यांपासून नियमित डायलिसिस सुरू असलेली व्यक्ती पात्र ठरते. 65 वर्षांची कमाल वयाची अट केंद्र सरकारने 2023 मध्ये काढली, रहिवासी दाखल्याचीही. नोंदणीला शुल्क घेऊ नये असंही तेव्हाच सांगितलं. तपासण्यांचा खर्च मात्र वेगळा.

आधार, फोटो, रक्तगटाचा रिपोर्ट, डायलिसिसची फाईल, एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या सोबत ठेवा. डायलिसिस कधीपासून सुरू आहे त्याचा कागद जपा, कारण यादीतला क्रम ठरवताना त्या काळाचे गुण मिळतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड लागेल. आधारवर ‘रामभाऊ’ आणि रेशनकार्डावर ‘रामराव’ असेल तर ते आधीच दुरुस्त करून घ्या. ऐनवेळी हेच नडतं.

आता मशीनचं. त्यासाठी वेगळा अर्ज नसतो. काढलेली किडनी सहसा बर्फाच्या पेटीत ठेवतात. मशीन असेल तर थंड द्रव किडनीच्या रक्तवाहिनीतून सतत फिरवतात. द्रव सहज वाहिला, अडथळा कमी दिसला, तर आतल्या वाहिन्या शाबूत असण्याची शक्यता जास्त. पण अडथळ्याच्या एवढ्या एका आकड्यावर किडनी नाकारत नाहीत; दात्याचं वय, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी), गरज पडल्यास बायोप्सीही (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणी) बघतात. 37 अंशांच्या आसपास चालणाऱ्या मशीनमध्ये तर किडनीचा रंग आणि तिने तयार केलेली लघवीसुद्धा दिसते. ही सोय सगळीकडे नाही. नसली म्हणून बर्फातली किडनी वाईट, असंही समजू नका.

दाता साठीच्या पुढचा असेल, किंवा पन्नाशीतला असून त्याला बीपीसारखे त्रास असतील, तर वेगळी संमती मागू शकतात. सहीआधी विचारा: ही किडनी का घ्यावी, आणि ऑपरेशननंतर काही दिवस डायलिसिस लागेल का?

अर्जावर दोन-तीन फोन नंबर द्या, त्यातला एक रेंज असलेल्या गावातल्या नातेवाइकाचा. बर्फातल्या किडनीचं घड्याळ तासांत चालतं. फोन रात्री दोनलाही येतो. गाडी कोणाची, पैसे कुठे, हे आधी ठरवा. आणि फोन आल्यावर काही खायच्या आधी समन्वयकाला विचारा.