वाक्प्रचार पाठ झाले, रूपक कुठे कळलं?

अमराठी माणसाला मराठी शिकवायला बसलं की कुणीतरी हमखास वाक्प्रचारांची यादी पुढे करतं: "हे पाठ करून घ्या, म्हणजे आलंकारिक भाषा कळेल." ही गल्लत ऐकून मी खरंच कंटाळले आहे.

वाक्प्रचार आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. उपमा आणि रूपकातला फरकही 'सारखा', 'प्रमाणे' दिसतं का ते बघितलं की बहुतेकदा मिटतो. अडतं ते गोठलेला वाक्प्रचार आणि जिवंत रूपक एकाच टोपलीत टाकल्यामुळे. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 11व्या शतकातच लक्षणेला, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेण्याला, रूढी (पडलेला प्रघात) आणि प्रयोजन (बोलणाऱ्याचा खास हेतू) असे दोन आधार सांगितले होते. 'कुशल' म्हणजे मुळात कुश, अर्थात दर्भ, आणणारा. आज तो शब्द वापरताना दर्भ कुणाला आठवतो? ही रूढी.

ओळखायचं कसं? शब्द बदलून बघा. 'पोटात कावळे ओरडतात' मध्ये चिमण्या घातल्या की वाक्य मेलं. हिंदीत त्याच भुकेला पोटात उंदीर उड्या मारतात. हिंदीत 'जान लगाना' म्हणजे जिवाचं रान करणं, आपल्याकडे 'जीव लावणं' म्हणजे माया करणं. इथे तर्क चालत नाही, सरळ पाठ करावं.

रागाचं तसं नाही. माणूस तापतो, भडकतो, पेटतो, धुमसतो. मागे चित्र एकच, विस्तवाचं. म्हणून मी यादीआधी ही क्रियापदं शिकवते, तीही विस्तवाच्या मूळ, शब्दशः अर्थाने.

लखनौहून आलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने ऑफिसात ऐकलं, "साहेब दोन दिवस धुमसतायत." मला विचारलं, धुमसणं म्हणजे काय? म्हटलं, होळीच्या दुसऱ्या दिवशी राखेतून धूर येत असतो ना, ते. क्षणभर थांबून ती म्हणाली, "मग फुंकर कोण घालतंय?" हे वाक्य तिला कुणीही शिकवलं नव्हतं. अशा वेळी शिकवण्याचं चीज होतं.

पुढच्याच आठवड्यात तिने 'दुःखावर फुंकर घालणे' वाचलं आणि गोंधळली. दुःख भडकवायचं कशाला? मी तिला खरचटलेल्या गुडघ्यावर आई फुंकर घालते ते करून दाखवलं. फुंकर तीच, पण एक निखाऱ्यावरची आणि एक जखमेवरची.