प्रत्यारोपित किडनीच्या रक्तवाहिन्या : जोड कुठे दगा देतो

किडनी प्रत्यारोपण म्हटले की शरीर नवी किडनी नाकारेल का, हीच धास्ती असते. ते सांभाळायला औषधे आली. रक्तवाहिन्यांचा जोड मात्र आजही सर्जनच्या हातावरच आहे.

हे तंत्र प्रत्यारोपणाच्याही आधीचे. फ्रान्सचे सर्जन अलेक्सी कॅरेल यांनी १९०२ मध्ये ते मांडले. वाहिनीच्या तोंडाला समान अंतरावर तीन टाके घ्यायचे, ते ताणून त्रिकोण करायचा आणि एकेक बाजू शिवायची. मग मागची भिंत टाक्यात अडकत नाही. १९५१ मध्ये पॅरिसच्या सर्जननी किडनी ओटीपोटात, पोटाच्या पडद्याबाहेर बसवली. बोस्टनमध्ये १९५४ साली जोसेफ मरे यांची जुळ्या भावांवरची यशस्वी शस्त्रक्रियाही त्याच जागी झाली. नागपुरातही किडनी तिथेच बसते आणि पायाकडे जाणाऱ्या इलियाक वाहिन्यांना जोडली जाते.

या किडनीला रक्ताची दुसरी वाट नसते. धमनीत गुठळी झाली की लघवी एकाएकी थांबते आणि बहुतेकदा किडनी हातची जाते. शिरेत गुठळी झाली तर किडनी फुगते, दुखते, लघवी लाल येते. डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) डायस्टोलमध्ये, म्हणजे हृदय सैलावते तेव्हा, धमनीतला प्रवाह उलटा दिसतो. अशा वेळी पुन्हा पोट उघडायचे की नाही, हे तासाभरात ठरवावे लागते. उजव्या किडनीची शीर आखूड, जोडायला अवघड, म्हणून जिवंत दात्याकडून शक्यतो डावी घेतात.

धमनी आकसण्याचा त्रास सावकाश येतो, बहुधा तीन महिने ते दोन वर्षांत. बीपी औषधांना दाद देत नाही. रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी सुरू करताच क्रिएटिनिन (किडनीचे काम मंदावले की रक्तात साचणारा घटक) चढते. ही खूण फार मोलाची. डॉक्टर आंद्रेआस ग्रुंत्सिग यांनी १९७० च्या दशकात फुग्याने धमनी रुंद करण्याची पद्धत रुळवली, तेव्हापासून बऱ्याच जणांची दुसरी मोठी शस्त्रक्रिया टळते. बायोप्सीनंतर (सुईने किडनीचा तुकडा तपासायला घेतल्यावर) धमनी आणि शिरेच्या मध्ये थेट पडणारी वाट बहुतेकदा आपोआप बुजते.

सर्वांत दुर्मीळ आणि घातक म्हणजे जोडावर बुरशीचा संसर्ग होऊन भिंत फुगणे. अनेकदा फुटेपर्यंत ते कळतही नाही, आणि किडनी काढावी लागू शकते. दात्याकडून काढलेली किडनी ठेवलेल्या द्रावाचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) म्हणूनच करावे.

विदर्भात सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) बरेच आढळते, आणि या आजारात गुठळीचा धोका वाढतो; दाता व रुग्ण दोघांचीही तपासणी आधीच व्हावी. मे महिन्यात जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झाले, बीपी घसरले, तर नवा जोड धोक्यात येतो. गडचिरोली-गोंदियाकडच्या रुग्णाने लघवी कमी होताच सकाळची वाट न पाहता रात्रीच प्रत्यारोपण केंद्राला फोन करावा.