हायलायटर, सुरकुत्या आणि ५५ नॅनोमीटरचा थर

पन्नाशी ओलांडली की चेहऱ्यावर चमकणारं काही लावू नये, सुरकुत्या उठून दिसतात, असं पार्लरमध्येही सांगतात आणि लग्नघरातल्या मावश्याही एकमेकींना बजावतात. निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष मात्र घाईचा. खरा प्रश्न चमकणारे कण त्वचेवर कसे बसतात, हा आहे.

वयाबरोबर त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट धरणारं प्रथिन, घटतं. रजोनिवृत्तीनंतर तेलग्रंथींचं काम मंदावतं. मृत पेशी झडून नव्या वर यायला जास्त दिवस लागतात आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. त्वचेवर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम चार टक्के भाग थेट पृष्ठभागावरून परततो. त्वचा गुळगुळीत असेल तर तो बराचसा एकाच दिशेनं येतो, म्हणून गालाच्या हाडावर तुकतुकी दिसते. खडबडीत त्वचेवरून तो दाही दिशांना पांगतो. हायलायटरकडून, म्हणजे गालावर चमक आणायला लावतात त्या पावडर किंवा क्रीमकडून, अपेक्षा असते ती ही हरवलेली दिशा भरून काढण्याची.

ते काम बहुतेक वेळा अभ्रकाचे पापुद्रे करतात. गंमत अशी, की नुसता अभ्रकाचा चुरा तेलात घातला तर तो जवळजवळ दिसेनासा होतो. अभ्रकाचा अपवर्तनांक (प्रकाश त्या पदार्थात किती पट मंदावतो तो आकडा) १.५८ च्या आसपास, क्रीममधल्या तेलाचा १.४५ च्या. फरक इतका थोडा, की एका पृष्ठभागावरून अर्धा टक्काही प्रकाश परतत नाही. म्हणून पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवतात. त्याचा अपवर्तनांक २.५.

आता प्रकाश दोनदा परततो: एकदा थराच्या वरच्या बाजूवरून आणि एकदा खालून, जिथे थर अभ्रकाला चिकटलाय तिथून. वरून परतणारी लहर उलटी होते, कारण ती विरळ माध्यमातून येऊन घन माध्यमावर आदळते. खालची उलटी होत नाही, पण तिला जास्त चालावं लागतं. थर ५५ नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असेल तर जाऊन-येऊन ११० आणि थरात प्रकाश मंदावतो म्हणून २.५ ने गुणलं की २७५. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ५५०, म्हणजे खालची लहर बरोबर अर्ध्या लहरीनं मागे पडली. वरची उलटी झाल्यामुळे अर्ध्या लहरीनं आधीच सरकलेली होतीच. दोघी एका तालात आल्या! हिशेब केला तर अशा थरावरून जवळपास पाव भाग प्रकाश परततो. शेजारचे रंगही बरेचसे परततात, म्हणून थर रुपेरी दिसतो.

थर ८० नॅनोमीटरवर नेला की जांभळा प्रकाश आपापसात खोडला जातो आणि सोनेरी झाक येते. १०० च्या आसपास लालसर, त्याहून जाड केला की निळी. यात रंगद्रव्याचा कणही नाही. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवरचे रंग याच कारणानं उमटतात.

जो प्रकाश परतत नाही तो खाली त्वचेत उतरतो. गोऱ्या त्वचेतून त्यातला बराचसा पुन्हा वर येतो आणि वरच्या रंगात मिसळून त्याला फिका करतो. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य तो शोषून घेतं, त्यामुळे वरची झाक निखळ, प्रसंगी भगभगीत दिसते. जाहिरातीतल्या गोऱ्या मॉडेलच्या गालावर शोभणारी रुपेरी-निळसर शेड आपल्या गव्हाळ गालावर राखाडी वाटते ती यामुळे. आपल्याकडे सोनेरी किंवा तांबूस शेड बरी. अभ्रकावर आयर्न ऑक्साइडचा थर दिला तर तो स्वतःही थोडा रंग शोषतो, म्हणून ब्राँझ छटा जास्त खात्रीची.

आता सुरकुत्या. हे सगळं गणित पापुद्रे आडवे, एकाच पातळीत निजले असतील तरच कामाचं. सुरकुतीच्या दोन्ही उतारांवर ते तिरके होतात. एक उतार लखलखतो, दुसरा अंधारा राहतो आणि नांगरटीत आरशाचे तुकडे विखुरल्यासारखी रेघ न् रेघ उठून दिसते. पावडर कोरड्या त्वचेवर नीट धरत नाही. हसताना, बोलताना सरकून घडीत साठते. क्रीममधलं तेल आणि मेण बारीक खळगे भरून काढतं, त्यावर पापुद्रे बऱ्यापैकी सपाट बसतात. खोल घडी मात्र क्रीमनंही बुजत नाही.

कणाचा आकारही बघावा. १५ मायक्रोमीटरहून बारीक पापुद्र्यांना कडा जास्त, कडांवरून प्रकाश विखुरतो आणि रेशमी, मवाळ चमक मिळते. त्याहून बरेच मोठे असले की प्रत्येक कण वेगळा लुकलुकतो. पन्नाशीनंतर टाळायचं ते हे.

‘चोवीस कॅरेट’ फेशियल आणि मोत्याचं भस्म घातलेली क्रीमं याच चमकेच्या नावावर महाग विकली जातात. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. सोनं तर कशाशी सहजासहजी क्रियाच करत नाही, त्यामुळे चेहऱ्यावर चोळलेला वर्ख त्वचा ‘आतून उजळवतो’ म्हणणं ही शुद्ध थाप.

डबीच्या मागे घटकांचे सीआय (कलर इंडेक्स) क्रमांक असतात: सीआय ७७०१९ म्हणजे अभ्रक, ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, ७७४९१ म्हणजे तांबडं आयर्न ऑक्साइड. शेड बघायची तर दुकानातल्या दिव्यांखाली नको, ते चारी बाजूंनी उजेड टाकतात. मॉइश्चरायझर मुरल्यावर अनामिकेनं थोडंसं क्रीम गालाच्या हाडावर, डोळ्याच्या कडेच्या रेघांपासून बोटभर लांब, थोपटून लावावं. मग खिडकीशी उभं राहून मान हळूहळू वळवावी आणि हसून बघावं. हसताना चमकेत रेघ फुटली, तर अजून थोडं वर, कानाच्या बाजूला सरकायचं.