पार्किन्सन्समधली चाल आणि तिच्यावरचं संशोधन

पार्किन्सन्स म्हटलं की लोकांना थरथरणारा हात आठवतो, पण पेशंटला आणि घरच्यांना जास्त जेरीस आणते ती चाल. पावलं आखूड पडायला लागतात, टाच आधी टेकायची ती टेकत नाही, पाय घासत जातो, एका बाजूचा हात चालताना हलायचाच बंद होतो (हे बरेचदा सगळ्यात आधी होतं आणि लोक खांदा आखडलाय समजून हाडांच्या डॉक्टरकडे जातात), पाठीला बाक येतो, वळायचं तर मान, खांदे, कंबर सगळं एकदमच फिरतं. आजार वाढला की काहींची पावलं बारीक बारीक होत पुढे पळत सुटतात, आणि काहींचे पाय दारात किंवा वळणावर जागीच खिळतात. या सगळ्यावर जे संशोधन झालंय त्याचा गाभा थोडक्यात असा की पायातली ताकद बहुतेक शाबूत असते, चालणं आपोआप होण्याची जी सोय मेंदूत असते ती जाते.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ साली सहा जणांवर निबंध लिहिला. त्यातल्या काहींना तर त्याने फक्त रस्त्यात पाहिलं होतं, तरीही पुढे झुकलेलं अंग आणि चालता चालता पळायला लागणं हे त्याने बरोब्बर टिपलंय. कारण कळायला मात्र विसावं शतक उजाडलं. मेंदूत खोलवर सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर भाग असतो, तिथल्या पेशी मरतात, त्या बनवतात ते डोपामिन नावाचं निरोप पोचवणारं रसायन कमी पडतं आणि हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या बेसल गँगलिया या मेंदूतल्या भागाचं काम बिघडतं. सवयीच्या हालचाली आपण लक्ष न देता करतो त्या याच भागाच्या भरवशावर, म्हणून एरवी बोलत बोलत, खिशात किल्ली शोधत आपण चालतो आणि पार्किन्सन्सवाल्या माणसाला तेच जड जातं.

आता गंमत अशी की सवयीचा रस्ता बंद झाला तरी लक्ष देऊन चालायचा रस्ता बऱ्याच अंशी उघडा असतो. फ्रेंच डॉक्टर सूक यांनी १९२१ मध्येच लिहून ठेवलं होतं की एरवी जेमतेम हलणारा पेशंट एखाद्या प्रसंगी अचानक झपझप चालतो. १९६० च्या दशकात पर्डन मार्टिन या डॉक्टरांनी जमिनीवर आडव्या रेघा मारून पाहिल्या, पेशंट त्या ओलांडत नीट चालले. रेघा आडव्याच लागतात, चालायच्या दिशेने उभ्या मारल्या तर उपयोग होत नाही, आणि फरशीच्या रंगात मिसळणाऱ्या रेघाही चालत नाहीत. यावर सगळ्यात नेटकं काम माझ्या मते मेलबर्नच्या मेग मॉरिस आणि रॉबर्ट आयान्सेक यांचं, १९९० च्या दशकातलं. त्यांनी दाखवलं की पावलांचा ताल पेशंटला हवा तसा कमी-जास्त करता येतो, बिघडते ती पावलाची लांबी. म्हणजे तेवढ्याच वेगाने जायला त्यांना जास्त पावलं टाकावी लागतात. वयाला साजेशा अंतरावर पांढऱ्या पट्ट्या टाकल्या की पाऊल पुन्हा पूर्ण लांबीचं पडायचं, आणि पट्ट्या काढून नुसतं मोठं पाऊल मनात धरायला सांगितलं तरी पडायचं. पण सोबत दुसरं काम दिलं की लक्ष तिकडे गेलं आणि पाऊल परत आखूड! लांब पाऊल टाकायची क्षमता गेलेली नसते, किती लांब टाकायचं हे आतून ठरत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

२०१० मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी एक केस छापली ती यात बसते आणि बसतही नाही. ५८ वर्षांचा माणूस, दोन पावलं चालला की पाय अडकायचे, धरल्याशिवाय उभं राहणं कठीण, आणि हाच माणूस सायकलवर बसवला की आरामात पॅडल मारत जायचा, वळायचासुद्धा, उतरला की परत अडकला. फिरणारी पॅडल्स पायांना लय पुरवत असावीत असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. पक्कं उत्तर काही नाही.

पाय खिळण्याला सगळे फ्रीझिंगच म्हणतात. पुढे जायची इच्छा आहे, तरी पाऊल थोडा वेळ पुढे पडतच नाही किंवा फारच कमी सरकतं, ही त्याची मान्य व्याख्या. बघायला ते तीन तऱ्हांचं दिसतं: कधी अगदी बारीक पावलं पडतात, कधी पाय जागच्या जागी थरथरतात, कधी काहीच हलत नाही. वळताना, दारातून जाताना, अरुंद जागेत, चालायला सुरुवात करताना आणि घाईत हे जास्त होतं. फोन वाजला, बेल वाजली, झालं. अशा वेळी सोबतच्या माणसाने हात धरून ओढणं म्हणजे पडण्याला आमंत्रण, कारण धड पुढे जातं आणि पाय मागेच राहतात. थांबू द्यावं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्यावं, मग मोठं पाऊल.

संशोधकांची पंचाईत वेगळीच आहे. घरी दिवसातून दहादा अडकणारा माणूस तपासणीला आला, डॉक्टर समोर बघत बसले, की सरळ लांब कॉरिडॉरमधून ठणठणीत चालून दाखवतो आणि घरचे तोंडात बोट घालतात. तो नाटक करत नसतो, त्याचं सगळं लक्ष त्या क्षणी चालण्यावर असतं एवढंच. म्हणून आता जागच्या जागी पटापट पूर्ण गोल फिरायला लावतात, त्यात फ्रीझिंग पकडलं जायची शक्यता बरीच जास्त. मोजायला पायाला सेन्सर बांधतात. २००८ मध्ये मूर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नेहमीची चाल सेकंदाला तीनपेक्षा कमी कंपनांत येते, फ्रीझिंगमधली पायांची थरथर तीन ते आठच्या पट्ट्यात, त्या दोन्हीचं गुणोत्तर काढलं की कुठे अडकला ते कळतं. पण पाय अजिबात न हलता अडकलेला माणूस आणि मुद्दाम थांबलेला माणूस यातला फरक सेन्सरला ओळखणं अवघड जातं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

फ्रीझिंग का होतं याच्या थिअऱ्या बऱ्याच आहेत. सायमन लुईस आणि रॉजर बार्कर या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेली अशी की हालचाल, विचार आणि भावना यांची सर्किट्स डोपामिन कमी पडल्यावर एकमेकांत घुसतात, आणि एकाच वेळी जास्त माहिती आली की सगळंच क्षणभर ठप्प. यातला भावनांचा भाग कॅनडात २०१४ मध्ये तपासला गेला: व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीत पेशंटना आधी जमिनीवरच्या फळीवरून चालवलं, मग तीच फळी खोल खड्ड्यावर ठेवल्याचं दाखवलं, आणि भीती वाटली तिथे फ्रीझिंग वाढलं. ‘टेन्शन घेतलं की जास्त होतं’ असं पेशंट वर्षानुवर्षं सांगत होते, त्याला असा आधार मिळाला.

औषधांचं म्हणाल तर १९६७ मध्ये कोटझियस या डॉक्टरांनी लेव्होडोपा (मेंदूत जाऊन डोपामिन बनणारं औषध) मोठ्या डोसमध्ये तोंडाने देऊन दाखवल्यापासून तीच मुख्य गोळी आहे. गोळीचा असर असताना वेग वाढतो, पावलं लांब होतात, बरंचसं फ्रीझिंगही कमी होतं. तोल आणि पावलांमधला अनियमितपणा मात्र तितका सुधारत नाही, आणि काही जण गोळी चालू असतानाच अडकतात, त्यांचा डोस वाढवून भागत नाही. म्हणून लोक डोपामिनच्या पलीकडे बघायला लागले. चालताना लक्ष टिकवायला मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलीन हे दुसरं रसायन लागतं आणि पार्किन्सन्समध्ये तेही घटतं. २०१६ मध्ये ब्रिस्टलच्या टीमने १३० पेशंटवर रिव्हास्टिग्मिन हे विसरभोळेपणावरचं औषध वापरलं, पावलं जास्त नियमित झाली, पडणंही कमी झालं, पण मळमळ-उलटीचा त्रास वाढला. मेंदूत इलेक्ट्रोड बसवायची सर्जरी थरथर आणि ताठरपणाला चांगली, चालीचं मात्र भरवशाचं नाही. फक्त चालीसाठी म्हणून २००५ च्या सुमारास मेंदूच्या देठातल्या पेडंक्युलोपाँटाइन न्यूक्लियस या भागात इलेक्ट्रोड बसवायचे प्रयोग सुरू झाले, त्यात काहींना फायदा झाला, काहींना शून्य.

व्यायामाच्या बाजूला पुरावा बरा आहे. २००७ च्या रेस्क्यू नावाच्या ट्रायलमध्ये १५३ जणांना घरी ताल, प्रकाश किंवा स्पर्शाच्या इशाऱ्यावर चालायला शिकवलं, चाल सुधारली, पण शिकवणी थांबल्यावर काही आठवड्यांतच फायदा ओसरला. २०१२ मध्ये अमेरिकेत १९५ पेशंटवर ताय ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) करून पाहिलं, तोल सुधारला. २०१६ च्या व्ही-टाइम नावाच्या ट्रायलमध्ये ट्रेडमिलसमोर स्क्रीनवर अडथळे दाखवले, म्हणजे पाय आणि डोकं दोन्ही कामाला लागले, आणि नुसत्या ट्रेडमिलपेक्षा त्या गटात पडणं कमी झालं. २०१८ मध्ये नेदरलँड्समध्ये बुटालाच लेझर लावून पुढे रेघ पाडून पाहिली, तीही बऱ्याच जणांना लागू पडली. ओळीने पाहिलं तर पर्डन मार्टिनच्या आडव्या रेघाच नव्या नव्या रूपात येताहेत, आणि साध्या चिकटपट्टीला तर खर्चही नाही. एक मात्र आहे, एकाला चालणारी युक्ती दुसऱ्याला चालतेच असं नाही, कुणाला आकडे मोजून जमतं, कुणाला गाणं गुणगुणून, कुणाला गुडघा उंच उचलून, ते फिजिओसोबत एकेक करून बघावं लागतं.

अलीकडे पेपरात गाजलेल्या दोन गोष्टी. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या टीमने एका पेशंटच्या कण्यात कमरेच्या पातळीवर इलेक्ट्रोड बसवून चालीला हातभार लावला, आणि २०२४ च्या सुरुवातीला हार्वर्ड व बोस्टन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी मांडीला बांधायचं मऊ रोबोटिक वस्त्र केलं, पाय पुढे घेताना ते थोडी ओढ देतं आणि ते घातलेल्या एका पेशंटचं इमारतीच्या आत चालतानाचं फ्रीझिंग बंद झालं. दोन्ही प्रयोग प्रत्येकी एकेका माणसावरच झाले होते. बातम्या वाचून आशा लावणाऱ्यांनी हे आधी बघावं.

मला त्यापेक्षा मोजणीचं काम महत्त्वाचं वाटतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांच्या कमरेला सेन्सर लावून त्यांना अनेक वर्षं अधूनमधून तपासलं, आणि पुढे ज्यांना पार्किन्सन्स झाला त्यांची चाल निदानाच्या साधारण चार वर्षं आधीपासून बदलत असल्याचं दिसलं. त्याच वर्षी युरोपात मोबिलाइज-डी हा प्रकल्प सुरू झाला, त्यात पेशंट घरी, बाहेर, रोजच्या कामात कसा चालतो ते कमरेच्या छोट्या सेन्सरने दिवसचे दिवस नोंदवून ते आकडे नव्या औषधांच्या चाचण्यांत ग्राह्य धरता येतील का हे बघितलं गेलं.