‘मत्स्यगंधा’ पुन्हा येणार का? एका जुन्या आशेची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये नाट्यसंगीताची मैफल असली की ‘गर्द सभोवती रान साजणी’ची फर्माईश बहुधा होतेच, आणि मैफल सुटल्यावर बाहेर चहाच्या टपरीपाशी प्रश्नही ठरलेला असतो : अख्खे ‘मत्स्यगंधा’ हे संगीत नाटक पुन्हा कधी बघायला मिळणार? कोणी एखाद्या तरुण गायिकेचे नाव पुढे करतो, तर कोणाच्या कानावर कुठल्याशा निर्मात्याने संहिता मागवल्याची कुणकुण आलेली असते. अशा बातम्या तिसऱ्याच्या तोंडून आलेल्या असतात आणि पुढच्या मैफलीपर्यंत विरून जातात. तरीही ही आशा इतकी वर्षे का टिकून आहे, हे समजून घ्यायचे तर साठ वर्षांपूर्वीपासून सुरुवात करावी लागते.

बोलपटांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात संगीत नाटकाचा प्रेक्षक पळवला आणि मोठ्या नाटक मंडळ्या एकामागून एक खचल्या. १९६० च्या सुमारास विद्याधर गोखले यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’सारख्या नाटकांनी त्या परंपरेत पुन्हा धुगधुगी आणली, पण तो बाज बराचसा जुनाच होता. वेगळे वळण दिसले ते १९६४ मध्ये, मुंबईच्या गोवा हिंदु असोसिएशनने ‘मत्स्यगंधा’ रंगमंचावर आणले तेव्हा. लेखक वसंत कानेटकर नाशिकच्या हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मुळे दोनच वर्षांपूर्वी त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले होते. संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे होते. नाटकासाठी चाली बांधण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. दिग्दर्शन मास्टर दत्ताराम यांनी केले, पराशर ऋषींच्या भूमिकेत रामदास कामत उभे राहिले आणि सत्यवती, म्हणजेच मत्स्यगंधा, झाल्या आशालता वाबगावकर.

अभिषेकींनी नेमके काय बदलले, हे आजच्या श्रोत्याला सांगूनही चटकन उमगत नाही, कारण त्यांनी घडवलेले वळणच पुढे सर्वांच्या सवयीचे झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’मध्ये शंभरावर पदे होती. तिथे पद म्हणजेच नाटक होते, आणि ‘वन्स मोअर’ आला की कथेने मुकाट्याने थांबायचे. अभिषेकींनी पदे मोजकी ठेवली, ताना आवरत्या घेतल्या आणि शब्दाचा अर्थ सुराखाली दबणार नाही याची काळजी घेतली. ‘गुंतता हृदय हे’ ऐकताना राग ओळखता आला नाही तरी काही बिघडत नाही. एका तपस्व्याचा तोल जातो आहे, हे मात्र कळते. ‘गर्द सभोवती’ची गोष्ट तर आणखी मजेची आहे. हे पद मुळात या नाटकासाठी लिहिलेलेच नाही. ती बालकवींची कविता आहे, आणि बालकवी १९१८ मध्येच गेले. यमुनेच्या पाण्यात काय शोधते आहेस, असे त्या कवितेत एका मुलीला विचारले आहे. यमुनेवर होडी वल्हवणाऱ्या कोळ्याच्या पोरीच्या नाटकात ती अशी चपखल बसली, की आज बहुतेकांना ती तिथलीच वाटते. आशालताबाईंनी पुढे आपल्या पुस्तकालाही ‘गर्द सभोवती’ हेच नाव दिले.

या यशाला लागूनच १९६६ मध्ये नाशिकचेच वि. वा. शिरवाडकर यांचे ‘ययाति आणि देवयानी’ आणि कानेटकरांचे ‘लेकुरे उदंड जाली’ आले. दोन्हींना अभिषेकींचेच संगीत होते. गोदाकाठच्या दोन लेखकांनी आणि गोव्यातल्या मंगेशीच्या अभिषेकींनी दोन-तीन वर्षांत केलेले हे काम आहे, आणि नाशिककर ‘मत्स्यगंधा’वर थोडा मालकी हक्क सांगतात तो त्यामुळेच.

प्रयोग पुढे विरळ झाले, पण पदे राहिली. ध्वनिमुद्रिका निघाल्या, आकाशवाणीने ती घरोघरी पोहोचवली, आणि नाटक न पाहिलेल्या पिढीलाही ‘साद देती हिमशिखरे’ पाठ झाले. माझ्या मते पुनरागमनाची खरी अडचण इथेच आहे. गद्य नाटकात नवा नट जुन्याशी स्पर्धा करतो ती केवळ आठवणीतल्या प्रतिमेशी. संगीत नाटकात ती असते कानात जशीच्या तशी बसलेल्या मुद्रणाशी. नव्या गायकाने एखादी जागा वेगळी घेतली, तर दहाव्या रांगेतली मानही ‘छे’ म्हणून हलते. अभिषेकी १९९८ मध्ये गेले, कानेटकर २००० मध्ये, आशालताबाई २०२० मध्ये आणि रामदास कामत २०२२ मध्ये. स्वतः उभे राहून तालीम देऊ शकणारे मूळ संचातले हे आवाज आता नाहीत.

आशावादी मंडळी ‘कट्यार काळजात घुसली’चा दाखला देतात, आणि तो पोकळ नाही. १९६७ चे ते नाटक सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली २०१० मध्ये पुन्हा उभे राहिले, आणि २०१५ मध्ये त्यावर चित्रपटही आला. पण त्या वेळी वसंतराव देशपांडे यांच्या खाँसाहेबाच्या भूमिकेसाठी त्यांचाच नातू, राहुल देशपांडे, तयार होता. शिवाय ‘कट्यार’चा विषयच गाणे आहे, त्यामुळे गवई रंगमंचावर आला की निम्मे काम झाले. प्रेक्षक संपला म्हणावे तर तेही खरे नाही. नाशिकच्याच प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ २०१७ च्या अखेरीस आले, आणि दोनच गायिका-अभिनेत्रींच्या बळावर त्याने नाट्यगृहे भरवली.

‘मत्स्यगंधा’ची मागणी मात्र वेगळी आहे. प्रियकर सोडून गेल्यावर आयुष्याशी सौदा करायला निघालेली आणि देवव्रताच्या, म्हणजे भीष्माच्या, प्रतिज्ञेची किंमत फार उशिरा कळलेली बाई कानेटकरांनी लिहिली आहे. ‘अर्थशून्य भासे मज हा कलह जीवनाचा’ हे पद मैफलीत ऐकताना त्यातली चाल मनात राहते. ते कोणाच्या तोंडी आहे आणि ती बाई काय गमावून तिथवर आली आहे, हे फक्त प्रयोगातच कळते. त्यामुळे टपरीपाशी नवे नाव निघाले की ती गाते कशी, याची चौकशी लगेच होते. होडीतल्या पोरीपासून हस्तिनापूरच्या राणीपर्यंतचा पल्ला तिला बोलून पेलता येईल का, हे अजून फारसे कोणी विचारत नाही.